शकुबाई अंदमानाची पेटी भरते

शकुबाईची ओळख मला तिच्या प्रश्नांवरून झाली. आमच्या मंडळीचं नाटक गावात झालं, की दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला विहिरीवर गाठायची. तेव्हा बायका नाटकात उभ्या राहत नसत, म्हणून राण्यांची कामं माझ्याकडे असत. सगळं गाव राणीसाठी डोळे पुसत घरी गेलेलं असायचं आणि ही मात्र घागर कमरेवर ठेवून विचारायची, "चैतूभाऊ, राणीले रानात धाडलं, तं संगं शिदोरी काऊन नाई देली कोनी? अन् तिनं बी मागतली नाई?"

मी म्हणायचो, "अगं, ती दुःखात होती."

"दुःखात मानूस जेवत नाई का?"

पुढच्या खेळात मी आपला दासीला खूण करून एक गाठोडं मागून घेत असे आणि समोर बसलेली शकुबाई समाधानानं मान हलवत असे.

ही गोष्ट एकोणीसशे पंचावन्न सालची. गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायला अजून पुष्कळ वर्षं होती, सगळं रान चांद्याचंच होतं. आमचं गाव आलापल्लीच्या अलीकडे. शकुबाईचा नवरा लटारू मोठ्या आऱ्यानं लाकूड चिरायचा. सागाचा ओंडका उंच लाकडी घोडीवर चढवायचा, एक जण वर उभा, एक जण खाली आणि दोघांच्या मधून आरा वरखाली चालायचा. लटारू खालचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवयांवर, मिशांवर पिवळा भुसा असायचा आणि तो हसला की थोडा खाली सांडायचा.

त्या माघात अहेरीच्या बाजारात एका ठेकेदाराचा मुन्शी आला. अंदमानाला लाकूड चिरायला माणसं हवी होती. नुसतं अंदमान नाही, तिथून आणखी एक दिवस बोटीनं पुढे गेलं की एक बेट होतं. त्याचं नाव कागदावर लिहिलेलं होतं, पण आमच्यापैकी कोणालाच ते दोनदा सारखं म्हणता आलं नाही. तीन वर्षांचा करार. बायको सोबत नेली तर तिचंही भाडं ठेकेदाराकडे. लटारूनं अंगठा उठवला आणि कागद वाचून घ्यायला माझ्याकडे आला. गावात नाटकामुळे अक्षरं येणारा मीच.

"तीन वर्षं," मी वाचून सांगितलं.

"मालूम हाय. पन शकु आली तरच जाईन, भाऊ. नाई आली तं अंगठा वापस मांगीन." मग थोडं थांबून म्हणाला, "तीन वर्सं एकटा मानूस राह्यला, तं झाडासारखा होते."

लटारूनं शकुबाईला येतेस का विचारलं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "येतो मी."

तिची सासू सोनीबाई चुलीपुढून ताडकन उठली. "काळ्या पान्यावर कोनी आपल्या पायानं जाते का वो? तिथी तं बेड्या घालून नेत होते!"

"मंग आता भाडं देऊन नेऊन राह्यले, मामी. चांगलंच नं?"

त्यानंतर पंधरा दिवस त्यांच्या अंगणात आम्ही सगळे संध्याकाळी जमायचो. आंब्यांना मोहर आला होता, त्याचा वास दाट होऊन खाटांवर उतरायचा. मी कागदावरचं बेटाचं नाव पुन्हा वाचून दाखवायचो. दिवस मावळता मावळता जो तो आपापलं बेट बांधायला लागायचा. लटारूच्या बेटावर अशी झाडं होती, की चिरायला घेतलं तर भुसा संपता संपत नाही आणि तो भुसा लाल, कुंकवासारखा. सोनीबाईच्या बेटावर माणसं होती, पण त्यांना सावली नव्हती. माझ्या बेटावर अर्थात एक महाल होता. महालाशिवाय मला जमीनच सुचत नाही. त्या महालाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरत आणि संध्याकाळी पाणी एक एक पायरी वर चढून यायचं.

शकुबाई मात्र बेट बांधत नसे. डोळे अर्धे मिटून, भिंतीला टेकून बसायची आणि मधूनच विचारायची, "तिथी सकाळचा वारा कोनीकडून येते, भाऊ? पान्याकडून का रानाकडून?" किंवा, "वाळू पांढरी असन का काळी? काळी लवकर तापते." आम्ही स्वप्नात, आणि ही जणू तिथं राहून आलेली. तिचा चेहरा तेव्हा फार लांबचा दिसायचा, पण सुखी.

पेटी मी दिली. नाटक मंडळीची एक पत्र्याची पेटी माझ्याकडे पडून होती, झाकणावर दोन मोर काढलेले. रंगभूमीची पेटी भरायची एक रीत असते. शेवटच्या अंकाचं सामान तळाशी, त्यावर मधल्या अंकाचं आणि पहिल्या प्रवेशात लागणारं सगळ्यात वर. आमची पेटी बैलबंडीतून उतरली, की अर्ध्या तासात पडदा वर गेला पाहिजे, तिथं शोधाशोध चालत नाही. शकुबाईला ही रीत फार आवडली.

"म्हनजे पयले परतीचं भरायचं," ती म्हणाली.

"बरोबर."

ती आत गेली आणि चार रिकामी पोती, सुताची दोरी आणि घडी न मोडलेलं एक हिरवं लुगडं घेऊन आली. सगळं तळाशी नीट पसरलं.

"पोती कायले, शकुबाई?"

"डांगरं आनाले. अन् लुगडं येतानी नेसाले. मिरगाच्या आधी निंगा लागन नं, भाऊ. बेट हाय ते."

मला काही समजेना. मग तिनं सांगितलं. तिचं माहेर प्राणहितेच्या काठचं. पाणी उतरलं, की दर वर्षी नदीच्या मधोमध वाळूचं बेट उघडं पडायचं. तिचे वडील रामाजी सगळ्यांना डोंग्यात घालून तिथं न्यायचे. झोपडी बांधायची, वाळूत खड्डे करून डांगरांचे वेल लावायचे आणि मृगाचे ढग दिसले, की सगळं आवरून काठावर यायचं. मागून पूर यायचा आणि बेट जायचं.

"बेटावर कोनी पावसाळा काढते का?" ती हसून म्हणाली.

मी दाराकडे पाहिलं. लटारू उंबऱ्यावर उभा होता आणि दोन्ही हात जोडून मला गप्प राहायची खूण करत होता.

बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. "लटारू, तू तिला तीन वर्षं सांगितलीच नाहीस?"

"तिनंच म्हटलं, मिरगाच्या आधी येऊ. मी नाई म्हटलं नाई, येवढंच."

"आणि मृग आल्यावर?"

"तवा तं आमी तिथीच राहू," तो खाली बघत म्हणाला. "पान्यातून कुठी पळन शकु?"

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण भुसा नसतानाही तो डोळे चोळायला लागला. मी म्हटलं, "उद्या तू सांगशील, नाहीतर मी."

"तोंडच उघडत नाई, भाऊ, तिच्यापुढं."

मग दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्या घोडीपाशी तालीम केली. मी उपरणं डोक्यावरून घेतलं आणि शकुबाई झालो. तिच्यासारखा कमरेवर हात ठेवला. "बोल, काय हाय?"

"शकु, त्या बेटाचं असं हाय..."

"कसं हाय?"

"मोठं हाय."

"अन्?"

"अन्... तुमी तिच्यासारखं पाहू नका नं, चैतूभाऊ! भेव लागते."

पाच वेळा तालीम झाली. पाचव्या वेळी त्यानं सगळं नीट म्हटलं. आधी बेट केवढं मोठं, मग काम केवढं, मग हळूच तीन वर्षं. मी त्याची पाठ थोपटली. संध्याकाळी मी कुंपणाबाहेर उभा राहिलो, धीर द्यायला. शकुबाई पेटीत सुपारीची पिशवी ठेवत होती. लटारू तिच्यासमोर उभा राहिला, एक मोठा श्वास घेतला आणि तालीम सगळी विसरला.

"शकु, बेट बुडत नाई. तीन वर्सं."

शकुबाईनं सुपारीची पिशवी बाहेर काढली. चटणीचा डबा काढला, कंदील काढला, धोतरं, चादर, हिरवं लुगडं, दोरी, पोती. सगळं अंगणात ओळीनं मांडलं. पेटी रिकामी झाली. तिनं कुंपणाकडे पाहिलं.

"तुमाले मालूम होतं, चैतूभाऊ?"

"तुला सांगितलं नाही, हे कालपासून."

"अन् याले?"

"पहिल्यापासून," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती लटारूकडे वळली. आवाज चढला नव्हता. "आठ वर्सं झाली लग्नाले. डांगर घेतानी बी मानूस टिचकी मारून पाहते, आत काय हाय ते. मले तुवं तेवढं बी पाह्यलं नाई?"

दुसऱ्या दिवशी तिनं मांडलेलं सामान तसंच ठेवलं. पेटी अंगणात उघडीच पडून होती आणि एक कोंबडी तिच्यात जाऊन बसली. सोनीबाई मनातून खूश होती, पण सुनेचा चेहरा पाहून चुलीकडे वळली. आलापल्लीहून बल्लारशाला लाकडाचा ट्रक सुटायला दोन दिवस उरले होते. पुढे मद्रासची रेल्वे आणि मग जहाज.

त्याच्या पुढच्या सकाळी लटारूनं धुतलेला सदरा घातला. अहेरीला जाऊन अंगठा परत मागायचा, म्हणून निघाला. मला सोबत बोलावलं होतं. आम्ही अंगणातून बाहेर पडणार, तोच शकुबाई म्हणाली, "भाऊ, कागद संगं हाय का? वाचा सगळा."

मी वाचला. सगळा वाचला, खालची तारीखसुद्धा.

"पावसाचं काई लिवलं नाई?"

"कागदात नाही. मुन्शी सांगत होता, वर्षातले आठ महिने पडतो."

"आठ मयने!" ती उठून उभी राहिली. "अन् बेट?"

"तिथंच."

"झोपडी?"

"तिथंच. कुठं जाणार?"

ती हळूहळू येऊन पेटीच्या काठावर बसली. कोंबडी कुरकुरत बाहेर पडली. शकुबाई बोलू लागली तेव्हा आमच्याशी बोलत होती की काय, कोण जाणे. लहानपणी दर वर्षी बेट सोडताना ती रडायची. वाळू कवटाळून पडायची. रामाजी तिला खांद्यावर टाकून डोंग्यात बसवायचे. मग काठावरून ती बघत राहायची. पाणी आधी वेलांवर यायचं, मग चुलीवर, मग झोपडी एकदम उचलली जायची, जशी कोणी टोपली उचलावी. तिला दर वेळी वाटायचं, आपण तिथं बसून राहिलो असतो, तर बेट गेलं नसतं.

"एक पावसाळा बेटावर काढून पाहाचा हाय मले," ती म्हणाली. "वरून पानी पडून राह्यलं अन् कोनी उठ म्हनत नाई. असं."

मोहराचा वास, सकाळचं कोवळं ऊन आणि अंगणात ओळीनं मांडलेला तो संसार. मी आयुष्यात पुष्कळ राज्याभिषेक पाहिले, पुठ्ठ्याचे मुकुट स्वतः डोक्यावर घेतले, पण पत्र्याच्या पेटीवर बसलेल्या त्या बाईइतकं थोर माझ्या समोर काही बसलेलं मला आठवत नाही.

लटारूच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मंग येतेस?"

"येतो. पन तुह्यासंगं बोलत नाई." आणि लगेच, "सदरा काढ. कामं हायेत."

पेटी पुन्हा भरली गेली, पण आता तीन वर्षांची. पोती घरातच राहिली. हिरवं लुगडं सगळ्यात वर आलं, कारण आता ते पोचल्यावर नेसायचं होतं. वालाचं, तुरीचं, मिरचीचं, कोहळ्याचं बी वेगवेगळ्या चिंध्यांत बांधलं. विळा, खुरपं. सोनीबाईनं रागारागानंच लोणच्याची बरणी आणून दिली. "सावली नसलेल्या लोकायले देऊ नको," म्हणाली. पेटी गच्च भरली तेव्हा शकुबाई आत गेली आणि जात्याची वरची तळी घेऊन आली. मग खालची.

"जातं? जहाजात?" लटारू ओरडलाच.

उत्तर तिनं मला दिलं. "भाऊ, याले सांगा. तीन मयने शेजारनीच्या घरी दळता येते. तीन वर्सं कोन दळू देते? उचल म्हना."

"मीच काऊन?"

"तीन वर्सं कोनं लपवली म्हना."

"मी खोटं नाई बोललो! मी तं काईच नाई बोललो!"

"म्हनून एकच तळी. खोटं बोलला असता, तं दोन्ही उचलाले लावल्या असत्या."

दुसऱ्या दिवशी आलेल्या ट्रकवर अयूब ड्रायव्हर होता, गोदावरीपासून बल्लारशापर्यंतचा रस्ता ज्याला पाठ. त्यानं पेटी वर घेतली आणि जातं पाहून कपाळाला हात लावला. "बाई, जहाज बुडन नं! तिथी दगड नाई भेटत का?"

"भेटन, भाऊ. पन तो दळाले शिकाले किती वर्सं लागतीन?"

अयूब हसत हसत गाडीखाली वाकून चाकं बघायला लागला. शकुबाई ओंडक्यांवर चढून बसली, खालची तळी मांडीवर घेऊन. खाली ठेवायला तयार नव्हती. लटारू शेजारी, वरची तळी मांडीवर. दोघं दोन बाजूंना बघत होते. सोनीबाई पदरात तोंड झाकून उभी होती. मी रिवाजाप्रमाणे उजवा हात उंच केला, राणीला निरोप देताना प्रधान करतो तसा, आणि ट्रक निघाला.

वळणावर पोचता पोचता लटारू तिच्या कानाशी झुकून काहीतरी बोलला. काय ते ऐकू आलं नाही. शकुबाईनं मांडीवरची तळी सांभाळत त्याला कोपरानं एक ढोसणी दिली आणि मग तिचं तोंड बोलताना हलू लागलं. हलतच राहिलं. ट्रक झाडांत दिसेनासा होईपर्यंत.