जांभळ्या दांडीचं धान

"कोन सांगतलन तुले, हे जांभरं होय मनून?"

"सांगाले कायले पायजे, माय? सारा गाव पाहून राहिला."

रुख्मा शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभी होती. पायाशी तीन दिवसांत उपटलेल्या निंदणाचा ढीग. पोरगा बकाराम त्यातलं एक रोप तिच्या नाकासमोर धरून होता. दांडी जांभळी, पानाची शीर जांभळी. म्हणजे धान. आणि बांधीत, भाताच्या खाचरात, वाऱ्यावर डुलत होता तो सगळा हिरवा करगा.

करगा म्हणजे रानधान. दिसतो धानासारखा, पण कापणीच्या आधीच दाणे चिखलात सांडून मोकळा होतो. निसवेपर्यंत, लोंबी बाहेर पडेपर्यंत, तो कोणाला ओळखू येत नाही. रुख्माला यायचा. चोरखमाऱ्याच्या शिवारात चाळीस वर्षं ती निंदणाच्या रांगेत पुढे चालली. करग्याचं पातं धानापेक्षा जरासं गडद, एवढ्यावर ती उपटायची आणि मागच्या बाया तिचं पाहून उपटायच्या.

घरची एकच बांधी, तीही मालगुजाराची, ठेक्यानं केलेली. तीन वर्षं करग्यानं अर्धीअधिक खाल्ली. चौथ्या वर्षी, एकोणीसशे चौतीस साली, मालगुजारानं सांगून टाकलं की यंदा साफ झाली नाही तर दुसऱ्याला देईन. म्हणून बकारामनं छत्तीसगडकडच्या सोयऱ्यांकडून जांभळ्या दांडीचं बीज आणलं. जांभळं ठेवायचं, हिरवं उपटायचं. शेंबड्या लेकराचं काम. सून प्रेमिला सोबत येते म्हणाली, तर बुढीनं तिला घरीच बसवलं. "माह्या डोऱ्यावर पाहारा ठेवतेस का वो?"

तीन दिवस ती एकटीच वाकली. जांभळं तिला कुठंच दिसलं नाही. दिसलं ते एक फिकं आणि एक गडद. लोक जांभळं म्हणतात ते हे फिकंच असेल, असं तिनं धरलं. गडद तो करगा, हे तर जन्माचं ठाऊक. सून घरीच, हाकेच्या अंतरावर होती. पण पुढे चालणारी बाई मागचीला विचारत नाही.

घरात कळायला हवं होतं. दोन वर्षांपासून ती प्रेमिलाला टोचून बोलायची की तू धोतरं धुतेस तर पिवळी काढतेस. बाजारातून काळं म्हणून आणलेलं लुगडं निळं निघालं, तेव्हा दुकानदाराला चोर म्हणाली. चुलीचा धूर बसला म्हणून त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुवायची.

बकारामनं तिला भंडाऱ्याला नेलं. डॉक्टर म्हातारा, बोलायला मोकळा. त्यानं सांगितलं, डोळ्यात काचेसारखा एक मणी असतो, अंड्यातल्या पांढऱ्या भागासारख्या पदार्थाचा. त्याचा गाभा आईच्या पोटातच बनतो. पुढे वरून थर चढतात, आतला पदार्थ मात्र तोच जुना, तो बदलून मिळत नाही. वयानं तो गोठत जातो, पिवळा पडतो, मग तपकिरी. निळं-जांभळं त्याच्यातून आत शिरत नाही.

"मंग धुतल्यानं जाईन?"

"उकडलेलं अंडं धुऊन कच्चं होतं का, बाई?"

मणी काढता येतो, पण अजून पिकला नाही, दोन-तीन वर्षांनी या. मग जाड काचांचा चष्मा. तो लावून चिखलात वाकता येईल का, हे त्यालाही सांगता आलं नाही.

"धान पिकलं तं कापतेत, डोरा पिकला तं काढतेत," परतीच्या गाडीत रुख्मा म्हणाली.

मालगुजारानं बांधी गावातल्याच चुन्नीलालला ठेक्यानं दिली. पुढच्या श्रावणात त्याच बांधीत निंदायला घरच्या दोघी मजुरीनं लागल्या. पुढे प्रेमिला. रुख्मा सगळ्यात मागे, उपटलेलं टोपलीत भरून धुऱ्यावर नेऊन टाकायला.

पहिल्याच ओळीत प्रेमिला थांबली आणि एक रोप मागे घेऊन आली. "आत्याबाई, हा करगाच होय ना? पाहा बरं."

रुख्मानं ते हातात घेतलं. उन्हाकडे धरलं नाही, पात्यावरून बोटही फिरवलं नाही. सरळ टोपलीत टाकलं.

"मले नोको दाखवू," ती म्हणाली. "तुहे डोरे हायेत तवरक तू पाय."

मग टोपली डोक्यावर घेतली, पायानं धुरा चाचपला आणि निंदण टाकायला निघाली.