पिवळीच्या पोटाला मुशीचं तेल

दोन हजार सतराच्या पावसाळ्यात नरपडच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली हिरू तांडेलानं दोन बोटी झाकून ठेवल्या होत्या, असं गावात अजून हसून सांगतात. एक त्याची लाकडी बोट, आईच्या नावाची, 'बायजी'. आणि दुसरी त्याच्या लेकाची, नविनची, दोन दारांची पिवळीधमक जर्मन गाडी. हसणाऱ्यांचं काय जातं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

नविनला बोट लागायची. बोट हाकणाऱ्या तांडेलाच्या पोराला बोट लागते, म्हणजे हलवायाच्या पोराला गोडाचा त्रास! किनारा दिसेनासा झाला की हा काठावर वाकून ओकायचा आणि खलाशी तोंड फिरवून हसायचे. शेवटी हिरूच म्हणाला, "राहू दे पोरा, जमिनीवरच काय ते कर." मग नविन गाडी शिकला आणि उंबरगावच्या बाजूला एका कापडवाल्या शेठकडे ड्रायव्हर म्हणून लागला. शेठनं ही पिवळी मुंबईहून जुनी उचलली होती. हौसेला मोल नाही. पण गाडी इतकी बुटकी की बसायचं म्हणजे जमिनीवर मांडी घालण्यासारखं. शेठची कंबर धरली आणि पिवळी शेडमध्ये गेली. तिला पुसायची, चालू ठेवायची, रविवारी हायवेवर फिरवून आणायची ती नविननं. त्या रविवारच्या तासाभरात तो ड्रायव्हर नसायचा, राजा असायचा.

नोटाबंदी झाली आणि कारखान्याचं शटर खाली आलं ते आलंच. नविनचा सव्वा वर्षाचा पगार थकला होता. शेठनं त्याला बोलावलं, रडवेलं तोंड केलं आणि पिवळीची चावी हातात ठेवली. "तूच तिला पोरीसारखी जपलीस. तूच घेऊन जा. हिशेब पुरा." अरे, कोणी लाखाची वस्तू हसत हसत देतो तेव्हा माणसानं दोन पावलं मागं सरकावं की नाही? पण नविनला आभाळ ठेंगणं झालं. झाईच्या नाक्यावरून घरी येताना दुसऱ्या गिअरला गाडीनं एक हिसका दिला. तो हिसका त्याला नवा नव्हता, शेठकडे होती तेव्हापासून ती तो द्यायची. तिचा स्वभावच आहे तसा, असं तो म्हणायचा. म्हणे स्वभाव!

दारात गाडी उभी राहिली तेव्हा त्याची बायको रुपल बोंबील वाळत घालत होती. ओल्या हातांनीच ती बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "आणि पगार?"

"हाच पगार."

"हा खायचा कसा?"

विकून का नाही टाकली, असं शहाणी माणसं विचारतात. विकायला नेली की! वापीचे गाडीवाले तिच्याभोवती फिरायचे, फोटो काढायचे, चहा पाजायचे आणि भंगाराचा भाव सांगायचे. गाडी दमण पासिंगची, इकडे नावावर करायची तर टॅक्स भरा, आणि घेणारा विचारणार, सर्व्हिस कुठं केली? मग नविननं दुसरा विचार केला. लग्नात नवरदेवाला घोडा लागतो, त्याच्या जागी पिवळी. चालला की धंदा! डहाणूपासून तलासरीपर्यंत लोक बुकिंगला येऊ लागले. नवरदेव आत बसायचा, बँड पुढं, पोरंटोरं मागं. फक्त गतिरोधक आला की पंचाईत. गाडीचं पोट घासायचं. मग नवरदेवानं मुंडावळ्या सावरत खाली उतरायचं, नविननं चाकांखाली दोन फळ्या टाकायच्या, गाडी पलीकडे न्यायची आणि नवरदेवाला परत आत कोंबायचं. एका वरातीत नवरदेव इतक्यांदा चढला-उतरला की वधूचा बाप म्हणाला, "पोरगा चालतच आला असता तर लग्न सकाळी उरकलं असतं."

लोक हसायचे, नविनही हसायचा. पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी ती गत होती. टायर गेला, तलासरीच्या टायरवाल्यानं तो माप बघून दुकानातल्या सगळ्यांना हाक मारून दाखवला. मागचे टायर वेगळे, पुढचे वेगळे, आणि सगळे मुंबईहून मागवायचे. ब्रेकच्या पॅडांना रुपलच्या बांगड्या गेल्या. तिचं इंजिन ऑइल गोडेतेलासारखं दुकानात मिळत नव्हतं, आणि त्याचा भाव ऐकून गोडेतेलच बरं वाटायचं. दर लग्नाचे पैसे पिवळी पुढच्या लग्नाच्या आत खाऊन टाकायची. सुकटीचे पैसेही तिच्याच पोटात. रुपल एकदा कळवळून म्हणाली, "अहो, नाकापेक्षा मोती जड झालाय. टाका ना काढून!" नविन खेकसला, "एक सीझन दे मला. फक्त एक." त्याला तरी दुसरं काय येत होतं? नऊ वर्षांची नोकरी त्या पत्र्यात अडकली होती. गाडी गेली तर नऊ वर्षंही गेली, हे त्याला रात्रंदिवस कुरतडायचं.

जून लागला. मासेमारी बंद झाली, बोटी वर ओढल्या. हिरू गाडीजवळ आला, तिच्या पत्र्यावर हात फिरवून बोटं चाटली आणि म्हणाला, "खारं झालंय सगळं. पावसाळ्यात अशी उघडी ठेवतात काय? वर घे तिला."

मग दोघा बापलेकांनी पिवळी 'बायजी'च्या शेजारी नेली, चार ठोकळ्यांवर चढवली, वर माडाची झापं घातली, त्यावर ताडपत्री. आणि म्हाताऱ्यानं त्या वर्षी मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचं तेल दुप्पट काढलं. लाकडाच्या बोटीला ते तेल दर पावसाळ्यात लागतं, नाहीतर किडा लाकूड पोखरतो. 'बायजी'ला लावून झालं तसा हिरू चिंधी घेऊन पिवळीच्या पोटाखाली उताणा सरकला. सत्तरीचा माणूस! दोन दिवस तो खाली पडून होता, तेल डोळ्यांत गळत होतं. सांदीकोपरा सोडला नाही. वास असा सुटला की नरपडची सगळी मांजरं तिथं जमली. नविन बाजूला उभा राहून बघत होता. फुकटात कोणीतरी पिवळीची निगा राखत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं होतं.

तुळशीची लग्नं लागली आणि पहिलंच बुकिंग मोठं आलं. तलासरीच्या ठेकेदाराच्या पोराचं लग्न. ॲडव्हान्स घेतला, तो नव्या बॅटरीत घातला. सकाळी झापं काढली, गाडी ठोकळ्यांवरून खाली घेतली, हार घातला, नारळ फोडला, चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. नविननं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि गिअर टाकला. गाडी हलेना. परत टाकला. खालून दगड भरडल्यासारखा आवाज आला आणि डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लाल झाले.

ठेकेदाराची माणसं न्यायला आली होती. आधी चेष्टा, मग शिव्या. अर्धा गाव गोळा झाला. नविन खाली वाकून बघतो तर एक वायर कुरतडलेली, उंदरांच्या लेंड्या, आणि मुशीच्या तेलाचा भपकारा. त्याचं डोकंच फिरलं. समोर हिरू उभा होता, तोच मिळाला.

"या म्हाताऱ्यानं केलं हे! या तेलानं! तेलाच्या वासानं उंदीर आले न गाडी खाल्ली माझी! तुमची होडी आहे काय ही? कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला? माझं घर बुडवलंत तुम्ही, घर!"

भर गावात, बापाला. कोणीतरी हसलं. हिरू सुरूंच्या आडून घराकडे गेला.

बोलताना नविनला तो दुसऱ्या गिअरचा हिसका आठवला होता बरं का. नाही असं नाही. पण ज्याच्यावर ओरडता येतं त्याच्यावर माणूस ओरडतो. हिसक्यावर कोण ओरडणार?

पिवळी टेम्पोवर चढून वापीला गेली. तिथल्या एका गॅरेजमध्ये भाविक म्हणून मेकॅनिक होता, मोठ्या गाड्यांवर हात बसलेला. तो म्हणाला, खोलून बघायला आठवडा लागेल, आणि काम निघालं तर दोन लाखांच्या खाली हात घालणार नाही. दोन लाख! नविननं घरी तो आकडा रुपलला सांगितला, तेव्हा हिरू ओटीवर जाळं शिवत बसला होता. त्या आठवड्यात म्हातारा दर्यावर गेला नाही. बायजीपाशी जाऊन बसायचा, जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणायचा. नविनला वाटायचं, जावं, दोन शब्द बोलावे. पण रोज उद्यावर ढकलायचा. तोंड कुठं होतं?

आठवड्यानं भाविकनं बोलावलं. पिवळी वर टांगलेली, तिचं आतडं बाहेर काढून टेबलावर मांडलेलं.

"नविनभाई, गिअरबॉक्स गेला," भाविक म्हणाला. "आजचा नाय. दोन-तीन वर्षांपासून जातोय. दुसऱ्या गिअरला झटका द्यायची का?"

नविननं मान हलवली.

"तेच. शेठला कोणीतरी सांगितलं असणारच. उगाच नाय देऊन टाकली."

"न ती वायर? उंदीर?"

"ती दोनशे रुपयांची वायर, मी जोडली पण. तिचा काय संबंध? पण एक सांगा, दर्याकाठची गाडी ना ही? खाली काय लावलंत? खाऱ्या हवेत राहून न खालून गंजाचा ठिपका नाय. वास मारतो बाकी जबरदस्त."

नविन पिवळीच्या पोटाखाली उभा राहून वर बघत राहिला. तेलाचा पिवळट थर तसाच होता, त्यात चिंधीचे फराटे दिसत होते. तेवढ्यात फोन वाजला. रुपल रडत होती.

"अहो, लवकर या! बाबांनी बायजी विकली. वाढवणची माणसं आलीत, भरती लागली की नेणार आहेत."

"थांबव त्यांना! सांग बाबांना, गाडी तेलानं नाही गेली! सांग!"

"मघापासून सांगतेय हो विकू नका, ऐकतच नाहीत, फोनही हातात घेत नाहीत. सौद्याचा नारळ पण दिला त्यांना. तुम्ही या!"

नविन मिळेल त्या जीपनं निघाला. अच्छाडला ट्रकांची रांग लागली होती, हलायलाच तयार नाही. तो उतरून ट्रकांच्या मधून पळत सुटला, एका बाईकवाल्याच्या हातापाया पडला. दर रविवारी जिच्या वेगाच्या जिवावर राजा झाला ती टांगलेली, आणि हा दुसऱ्याच्या मागच्या सीटवर बसून देवाला विनवतोय, भरती थोडी थांबव रे बाबा. भरती कोणासाठी थांबते?

किनाऱ्यावर पोचला तेव्हा सुरूंच्या खाली पिवळीचे चार ठोकळे तेवढे होते. बायजी पाण्यात होती, पार लांब, दक्षिणेकडे वळलेली. तिच्या इंजिनाचा टकटक आवाज येत होता. नविन गुडघाभर पाण्यात धावत गेला, शर्ट काढून हलवला, घसा फुटेस्तो ओरडला. खलाशांना वाटलं निरोप देतोय. त्यांनीही हात हलवला.

हिरू वाळूवर बसला होता. मांडीवर पिशवी. नविन जवळ आला तशी त्यानं ती पुढं केली.

"दोन लाखाला थोडे कमी आहेत. आता दुरुस्त कर तुझी गाडी. माझ्या हातानं तुझं घर बुडलं, ते ओझं घेऊन नाय मरायचं मला."

नविन मटकन खाली बसला. "बाबा, तेलानं काही नव्हतं झालं. गिअरबॉक्स आधीच गेलेला. मला हिसका माहीत होता, बाबा. मी उगाच... मी सगळ्यांसमोर..." वाळूवर डोकं टेकून तो हुंदके द्यायला लागला. "आपण परत आणू तिला. पैसे परत देऊ. मी आत्ता जातो वाढवणला."

"नारळ दिलाय," हिरू म्हणाला. "दिलेली बोट मागत नाय कोणी."

बायजीची टकटक बारीक होत गेली.

"तेलानं नव्हतं झालं म्हणतोस?"

"नाही बाबा. मेकॅनिक म्हणाला, खालून गंजाचा एक ठिपका नाही."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. लेकाच्या कपाळाला लागलेली वाळू झटकली. मग डोळ्यांवर हात धरून तो लांबच्या त्या ठिपक्याकडे बघत राहिला.

"तो वाढवणवाला," तो म्हणाला, "तिला तेल लावील काय रे?"