‘नको’चं बटण

मंगळवार, १२ नोव्हेंबर. पाणी उशिरा आलं. धाकटीची चादर दोनदा बदलली. भाऊजींनी माळ्यावरून जुना कॉम्प्युटर काढला, धुळीने खोकताहेत. डाळ करपली.

त्या दिवशी वहीत एवढंच लिहिलं, कारण हात दुखत होते. आता जरा सविस्तर लिहिते.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. भाऊजी म्हणजे तिचा नवरा, माझे दीर. माझे यजमान गेल्यापासून आम्ही तिघं एकाच घरात आहोत. भाऊजींनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. “मी लोकांना जेवढं वर चढवलं तेवढं त्यांच्या बापानेही चढवलं नसेल,” हा त्यांचा ठरलेला विनोद. त्यावर धाकटीचं ठरलेलं उत्तर, “आणि तेवढंच खाली आणलंत.” उन्हाळ्यात तिला पक्षाघाताचा झटका आला आणि ते उत्तर बंद झालं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं, वाचताही येतं, फक्त बोलता येत नाही. डाव्या हाताचं बोट हलतं, पण थरथरतं. त्यांच्या मुलीने, माझ्या पुतणीने, बोलणारं अॅप घालून मोबाइल दिला होता. बोट काचेवरून घसरायचं आणि भलतंच उघडायचं. पाणी मागतेय की काय म्हणून धावत जावं, तर समोर हवामानाचा अंदाज.

पुतणीचं म्हणणं, आईला शुश्रूषागृहात ठेवू.

“बाबा, स्वतःचं वय बघा. मोठ्या आईचं बघा. ती चादरी बदलते की चादरी तिला, कळत नाही.”

“तिला विचारल्याशिवाय नाही.”

“विचारायचं कसं?”

इथे गाडी अडायची. मग शुश्रूषागृहात एक खाट रिकामी झाली. महिनाअखेरीस होय-नाही कळवायचं होतं. म्हणून तो कॉम्प्युटर खाली आला.

पुतणी लहान असताना तिचं गणित सुधारावं म्हणून तो घेतला होता. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवर चालणारा, रबराच्या टपोऱ्या बटणांचा. गणित होतं तिथेच राहिलं, कॉम्प्युटर माळ्यावर गेला. भाऊजींना आता ती बटणं आठवली. त्यांवर बोट टेकलं तरी घसरत नाही आणि दाबल्याशिवाय काही उमटत नाही.

अशा जुन्या यंत्रांच्या वेड्यांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे. दुपारी धाकटीचा डोळा लागला की भाऊजी चष्मा पुसून तिथे जाऊन बसत. कोण कुठल्या देशातला, पत्ता नाही. मांजराचा फोटो लावलेल्या एकाला आम्ही बोका म्हणू लागलो. आजच्या टीव्हीला ती वायर कशी लावायची, हे बोक्यानेच सांगितलं. आपली अक्षरं पडद्यावर येतील का, यावर मात्र कट्ट्यावर चांगलीच जुंपली. भाऊजींचा समज होता की यंत्रात आपण घातलेल्या आकारांना जागा जेमतेम असते. बोक्याने लिहिलं, “त्याची मूळ अक्षरं कुठे ठेवली आहेत ते त्याला खोटं सांगा, तुमच्या अक्षरांची जागा दाखवा. ते बिचारं विश्वास ठेवतं.” आणि खरंच ठेवला. एवढं करू शकणाऱ्या यंत्राला आम्ही नुसते पाढे विचारले होते.

अक्षरं चौकटीच्या कागदावर घर-घर भरून काढायची होती. ते काम माझ्याकडे आलं. शाळेत सिस्टरांनी फुल्यांचं भरतकाम शिकवलं होतं. हेही तेच, फक्त सुईदोरा नाही.

“वहिनी, तुमच्या ‘ण’ला कंबर नाही.”

“तुमच्या बायकोला पाणी हवंय, कंबर नकोय.”

एका बटणाला एक शब्द. प्रत्येक बटणावर भाऊजींनी कागदाची चिठ्ठी चिकटवली. पाणी, औषध, कूस, उशी, पंखा, दुखतंय, बाथरूम. कॅसेट चालू झाली तेव्हा अशी किंचाळली की धाकटीने तोंड वाकडं केलं. भाऊजींना त्याचाही आनंद झाला. मग तिने सगळी बटणं वाचली आणि हात बाजूला घेतला.

दुसऱ्या दिवशीही तेच. भाऊजींनी कट्ट्यावर विचारलं. बटणांखालचा पातळ पडदा जुना झाला की चिरतो, असं तिथले लोक म्हणाले. भाऊजींनी तो बदलला. तरी हात बाजूलाच. शेवटी मी तिच्या उशाशी बसून ती बटणं तिच्या बाजूने वाचली.

“भाऊजी, यात ‘नको’ कुठे आहे?”

“काय नको?”

“नुसतं नको.”

भाऊजींनी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा एकेक करून वाचल्या. लिफ्टमध्ये मजल्यांची बटणं असतात. मला कुठेच जायचं नाही, असं बटण त्यांनी आयुष्यात बसवलं नव्हतं. आणि मी तरी काय केलं होतं? आम्हा दमलेल्या माणसांना जे करता येतं, तेवढंच तिने मागावं अशी सोय केली होती. संध्याकाळी मी आणखी दोन शब्द भरले, ‘हो’ आणि ‘नको’.

मग काय विचारता! सूप? नको. पंखा? नको. खिडकी उघडू? नको. भाऊजी हसता हसता खोकले. “बघा वहिनी, तीच आहे ही. शंभर टक्के तीच.” मी सूप मोरीत ओतलं. पातेलं घासताना माझ्याही तोंडात तोच शब्द होता, पण मला बटण नव्हतं.

रविवारी पुतणी आली. भाऊजी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. उत्तर काय येणार याची त्यांना खात्री होती. “तूच विचार,” ते तिला म्हणाले. “मग म्हणू नकोस की बाबांनी पढवलं.”

“आई, त्या शुश्रूषागृहात जायचंय का? खरं सांग.”

बोट थरथरत फिरलं. पडद्यावर माझ्या फुल्यांचा ‘हो’ उभा राहिला.

“चुकून लागलं,” भाऊजी म्हणाले. “परत विचार.”

हो.

“वायर सैल असेल.” ते टीव्हीमागे वाकले. उठताना गुडघे साथ देईनात, खाटेचा कठडा धरून कसेबसे उभे राहिले. धाकटी ते बघत होती. कोणी विचारलं नव्हतं, तरी तिने पुन्हा दाबलं. हो.

“बाबा, वायर ठीक आहे,” पुतणी हळूच म्हणाली.

भाऊजी खाटेच्या कडेला बसले. “मला वाटलं, तू नको म्हणशील.”

तिने ‘उशी’ दाबलं. ते सवयीने तिची उशी सारखी करायला उठले, तर तिने डाव्या हाताने दुसरी उशी त्यांच्याकडे ढकलली. त्यांना कळायला वेळ लागला. मग ते तिच्या शेजारी, इस्त्रीच्या शर्टासकट आडवे झाले. मी स्वयंपाकघरात गेले, तशी पुतणी मागोमाग येऊन माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मग डोळे पुसून तिने शुश्रूषागृहात फोन केला आणि आधी एवढंच विचारलं, की तिथल्या टीव्हीला मागे जुन्या वायरचं भोक आहे का.

त्या रात्री मी लिहिलं: भाऊजी उजेड असतानाच झोपले, उठवलं नाही. भात उरला, झाकून फ्रीजमध्ये ठेवला.