बाळंतिणीच्या खोलीतला धूर

"ब्रॉन्कियोलायटिस," डॉक्टर म्हणाले आणि लगेच सोपं करून सांगितलं. बाळाच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजल्या होत्या, श्वासाला वाट पुरत नव्हती. मग त्यांनी बाळाचं दुपटं नाकाशी धरलं. "घरात बिडी कोण ओढतं?"

"कोणीच नाही," मी तोऱ्यात म्हणाले. माझे यजमान शाळामास्तर, मास्तरांचं घर आमचं.

"मग हा धुराचा वास कशाचा?"

माझी लेक शोभा पहिल्या बाळंतपणाला गंगाखेडला आली होती. गल्लीतली चार-पाच बाळंतपणं मी काढलेली, त्यामुळं मला कोणी शहाणपण शिकवायची सोय नव्हती. वारं बाधू नये म्हणून खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. माळवदाच्या मातीच्या छतातला धूर जायचा झरोकाही पत्र्यानं झाकला. बाजेखाली शेगडी, दोन्ही वेळा ओवा-शेपाची धुरी. अठरा दिवसांच्या बाळाला सर्दी झाली, तर मी धुरी वाढवली.

तिसऱ्या दिवशी ते दूध ओढेना, ओठ निळसर पडले. विद्यापीठ नामांतराच्या बंदमुळं एस.टी. नव्हती, म्हणून रेल्वेनं परभणीचा दवाखाना गाठला.

डॉक्टर रागावले नाहीत. "सर्दी कुठूनही येते, पण कोंडलेल्या धुरानं ती छातीत उतरायला मदत केली," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

एक्स-रे झाला, ऑक्सिजन लावला. दोन दिवस मी खाटेशेजारी बसून होते. श्वासागणिक त्याच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी ते दूध प्यालं आणि मी वॉर्डात सगळ्यांदेखत रडले.

निघताना डॉक्टरांनी बजावलं, "खोलीला दोन वाटा ठेवा. एकीकडून हवा येऊ द्या, दुसरीकडून जाऊ द्या. बाळाला झोतात ठेवू नका, नीट गुंडाळा. धूळ येत असेल तर खिडकीला बारीक मलमल बांधा."

मास्तरांनी माळवदावर चढून पत्रा काढला. शेगडी गेली, धुरी बंद झाली. आमची खिडकी रस्त्यावर, म्हणून चिंध्या काढून मलमल बांधली. दोन दिवसांत ती मातकट झाली. हे सगळं त्या एवढ्याशा छातीत गेलं असतं.

बाळ शांत झोपलं होतं, तेव्हा धीर करून मी शोभाला म्हणाले, "माझ्यामुळं झालं हे."

ती म्हणाली, "आई, मलाबी लय कोंडल्यासारखं व्हायचं. डोळ्याला धार लागायची. पण तू एवढ्या मायेनं करायलीस, तुला कसं म्हणू?"

नातू आता घर डोक्यावर घेतो. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण शोभाचं बोलणं जास्त लागलं. अजून कोणाच्या घरी बाळंतपणाला बोलावलं की जाते, मात्र आधी बाळंतिणीजवळ बसते आणि विचारते, "बाई, तुला काय होतंय ते सांग." ती सांगेपर्यंत कशाला हात लावत नाही.