रुपयाएवढा निळा

पडदा वर जातो आणि समोर आणखी पडदेच दिसतात.

नेकनूरचा बाजारतळ मागं टाकून कडेला आलं की एक पत्र्याची शेड लागते. आज तिच्या चारी बाजूंना ओलीचिंब लुगडी टांगली आहेत. एक जांभळं, एक विटकरी, एक कधीकाळी अबोली असावं असं. बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून ही व्यवस्था. जमिनीवर पाण्याचा सडा, पत्र्याच्या भोकांतून उतरलेले दुपारचे कवडसे, आणि त्या कवडशांच्या मधोमध, विटांच्या दोन ओट्यांवर चढवलेली एक मोटारसायकल. दांडगी, शर्यतीच्या थाटाची, पुढं झुकलेली. सध्या मात्र तिच्या अंगावर काही नाही. टाकी उतरवलेली, सीट उतरवलेली, चाकं कोपऱ्यात. खेळ संपल्यावर मेकअप पुसून बसलेल्या नटासारखी ती ओळखू येत नाही.

समोर उकिडवे बसलेत भगवानराव. हातात पॉलिशपेपर आहे, पण हात चालत नाही.

"आवो," लुगड्यांमागून वत्सलाबाईंचा आवाज येतो, "माझी लुगडी टांगून कोणतं नाटक मांडलंय? नेसायला एक तरी ठेवा."

"धूळ बसती गं रंगावर."

"रंग कुठं मारताय? चार दिस झाले नुसते बघत बसलात. मला बघायला आलते तवा माझ्याकडं एवढं बघितलं न्हाई!"

एरवी भगवानरावांनी याला चोख उत्तर दिलं असतं. चाळीस वर्षांच्या संसारात या जोडीचा एकही संवाद एका बाजूनं पडला नव्हता. आज त्यांनी नुसतं हुं केलं. वत्सलाबाई लुगडं बाजूला सारून आत डोकावल्या आणि नवऱ्याचं तोंड बघून तशाच माघारी वळल्या.

भगवानरावांना ती गाडी पटत नव्हती.

हा माणूस एकतीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपात होता. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, खळग्यात लांबीची पुट्टी भरायची, घासायची आणि लाल रंग मारायचा. इतक्या वर्षांत लाल सोडून दुसरा रंग त्यांच्या अंगाला लागला तो फक्त धुळवडीला. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुना कॉम्प्रेसर आणला, शेड ठोकली, आणि साठी उलटलेला हा गडी पहिल्यांदा पिवळा मारायला शिकला. पोरं मोडक्यातोडक्या गाड्या आणायची. कुणाला टाकीवर ज्वाळा पाहिजेत, कुणाला वाघ, कुणाला आईचं नाव. भगवानराव सांगाड्यापर्यंत गाडी उघडायचे, वाकलेलं सरळ करायचे, सडलेलं बदलायचे आणि पुन्हा अशी उभी करायचे की आणणारा पोरगाच आपली गाडी शोधत शेडभर फिरायचा. ते बघताना भगवानराव पडद्याआडून हसायचे. सुखी माणूस होता.

वर्कशॉपानं त्यांना आणखी एक विद्या दिली होती. त्यांना पत्र्याला पडलेला पोचा वाचता यायचा. "म्हशीचा पोचा निराळा, झाडाचा निराळा," ते सांगायचे. "झाड पत्र्याला चावतं, म्हैस नुसती बसती." आणि माणसाचा? कुणी विचारलं तर ते विडी पेटवायचे आणि विषय बदलायचे.

ही गाडी आली ती भर दुपारी, टेम्पोतून, ताडपत्रीखाली झाकून. सोबत चोवीस-पंचवीस वर्षांचा गोरटेला पोरगा, अमरसिंह. घर गेवराईकडच्या तलवाड्याचं, बागायतदार. वडील विजयसिंह यांचं नाव तालुक्यात वजनदार. पोरगा बोलताना गाडीकडं बघत नव्हता.

"काका, हा निळा कुठंच दिसता कामा नये. केशरी-काळा करा. आन् पुढचा चेहराच बदलून टाका. दिवा दुसरा, आरसे दुसरे."

"कावून? रंग तर लई झाक हाय."

"कंटाळा आला."

"झालतं काय हिला?"

"बाभळीला धडकली. धा-बारा दिस झाले, केजकडून येताना."

"रंग बदलला की आरसी बुकावर नोंद लागती, मालक."

"ते मी बघतो. तुमी कुणाला दाखवू नका, बास."

चहा न पिताच तो गेला. वत्सलाबाई कप हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"तलवाडा कुठं, नेकनूर कुठं! तिकडं गेवराईत समदे पेंटर संपले का? ह्या पोराच्या पोटात काहीतरी हाय, सांगून ठेवते."

आणि मग गाडी उघडल्यावर भगवानरावांनी पोचा वाचला. डावी बाजू खडीनं खरवडलेली होती. ती पडल्याची खूण, तिच्याबद्दल तक्रार नव्हती. पण समोरचं प्लास्टिकचं आवरण मधोमध फुटून आत गेलेलं, दिवा जागच्या जागी दबलेला, आणि त्यावर एक ओरखडा नाही. सालीचा कण नाही. बाभळीनं असं कधी केलं नसतं. हे काहीतरी मऊ होतं. जड आणि मऊ. पुढचं चाक काढलं तेव्हा आसाला गुंडाळलेली चार बोटं रुंद चिंधी हाताला लागली. हिरवी. सुती लुगड्याची, काठासकट.

त्या रात्री भगवानराव जेवले नाहीत.

त्याचं कारण वत्सलाबाईंना ठाऊक होतं. भगवानराव वीस वर्षांचे असताना केजच्या एका गॅरेजात उमेदवारी करत होते. तिथं एक पांढरी जीप आली. पुढून चेपलेली. मालक म्हणाला, सकाळपर्यंत हिरवी कर. पोरसवदा भगवाननं मन लावून हिरवी केली. इतकी सुरेख, की मालकानं पाठ थोपटली. आठ दिवसांनी एक म्हातारा गॅरेजच्या दारात आला. प्रत्येक गॅरेजात तो तेच विचारत होता. कुणी पांढरी जीप आणलती का? ऊसतोडीच्या गाडीमागं चालणाऱ्या त्याच्या लेकीला पांढऱ्या जीपनं उडवलं होतं. मालक म्हणाला, न्हाई बाबा. म्हाताऱ्यानं मग भगवानकडं पाहिलं. भगवाननं नुसती मान हलवली. न्हाई.

तेव्हापासून भगवानराव कुठल्याही गाडीचा जुना रंग पुरता झाकत नाहीत. कुठंतरी आत, सीटखाली किंवा टाकीच्या पोटाला, रुपयाएवढा जुना रंग ठेवतात. पोरं विचारतात, तेव्हा सांगतात, तीट हाय, दृष्ट लागू नये म्हणून. पोरांना ते फार आवडतं.

"द्या ना ती गाडी परत," वत्सलाबाई म्हणाल्या.

"परत दिली तर दुसरा कुणी रंगवंल. माझ्यासारखंच एखादं पोरगं."

"मग पोलिसात जा."

"काय सांगू? चिंधी सापडली म्हणून? आन् त्यो खरंच बाभळीला धडकला असंल तर एका पोराचं नाव खराब केल्यालं पाप माझं."

तेव्हा त्यांनी वेळकाढूपणाचा प्रयोग लावला. पुढच्या चाकाचा चिमटा सरळ करून आणला, चाकं बसवली, लांबी भरली, राखाडी प्रायमर मारला, टाकी-सीट चढवली आणि तिथंच थांबले. अमरसिंहाचा फोन आला की नवं कारण. हवेत ओल हाय. थिनर बनावट निघालं. गनचं नोझल चोंदलं. चौथ्या फोनला पोरगा चिडला. "काका, मुद्दाम करता का?" भगवानराव म्हणाले, "रंगाला घाई चालत न्हाई, मालक," आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ हात पुसत राहिले.

पण ते नुसते थांबले नव्हते. रोज सकाळी नेकनूरच्या स्टँडवर जाऊन बसत होते. रस्त्यावर काय घडलं हे कंडक्टरइतकं कुणाला कळत नाही, आणि बद्रीनाथ कंडक्टर त्यांचा जुना दोस्त.

"बद्री, तीनेक हप्त्यांमागं केजच्या रस्त्याला काही झालतं का बे? एखादी बाई?"

"बाई?" बद्रीनाथनं तिकिटांचं यंत्र काखेत मारलं. "न्हाई. दवाखान्यात न्हाई, पोलिसात न्हाई. का, काय झालं?"

"नीट आठव."

"आरं न्हाई म्हणतो ना. त्या रस्त्याला एकच बाई बोंबलत असती, रुक्मिणीबाई. पण ती धडधाकट हाय. तिचं कापसाचं बोचकं कुणी फोडलं म्हणून रोज गाडी थांबली की आम्हाला ऐकवती."

भगवानरावांनी पुढचं ऐकलं नाही. ते बद्रीनाथच्या एस.टी.त चढून बसले होते.

वेचलेला कापूस जुन्या लुगड्यात बांधायचा आणि टेम्पो येईपर्यंत रस्त्याकडेला मांडून ठेवायचा, ही इकडची रीत. रुक्मिणीबाईच्या शेताशी उतरल्यावर भगवानरावांना समोरच एक बोचकं दिसलं. गाठीच्या जागी डोकं, खाली पसरलेला घेर. दुरून कुणालाही वाटावं, बाई बसली आहे. लुगडं हिरवं होतं. एका कडेनं फाटलेलं, काठासकट.

एकतीस वर्षं पोचे वाचणाऱ्या माणसानं कापसाचा पोचा कधी पाहिला नव्हता. ते तिथंच बांधावर बसले आणि स्वतःशीच हसू लागले.

"हसायला काय झालं?" रुक्मिणीबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमीबी त्या धुळाजीचेच का, माझ्या दिराचे? माझ्या दिरानंच फोडलंय बोचकं, बांधाच्या रागानं. त्यानं देवाची शपथ घेतली, तरी मी त्याच्याशी बोलत न्हाई. त्याच्या नातीच्या बारशालाबी गेले न्हाई!"

भगवानरावांचं हसू थांबलं.

दुसऱ्याच दिवशी अमरसिंह थडकला. तावातावानं लुगडी सारून आत आला. भगवानरावांनी ती हिरवी चिंधी राखाडी टाकीवर ठेवली. पोरगा मागं सरकला, टांगलेल्या लुगड्यात अडकला आणि तसाच खाली बसला.

"तिन्हीसांजेची वेळ होती, काका," तो म्हणाला. "समोरून ट्रकचा उजेड. कडेला हिरवं लुगडं दिसलं. बसलेली होती. मी पडलो, उठलो, गाडी उचलली आन्..."

"मागं वळून बघितलं न्हाई?"

"बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं."

अमरसिंहानं अंगाला गुंडाळलेलं लुगडं बाजूला सारलं.

"रोज पेपर बघतो. कुठंच काही न्हाई. झोपलो की हिरवं दिसतं. मेली असंल का हो ती?"

भगवानरावांच्या जिभेवर उत्तर होतं. एक शब्द बोलले असते तर पोरगा नाचत घरी गेला असता. पण त्यांना गॅरेजच्या दारातला म्हातारा आठवला, आणि बारशाला न गेलेली रुक्मिणीबाई.

"उठा," ते म्हणाले. "काढा गाडी बाहेर. जिथं धडकली तिथं जाऊ."

बिनरंगाची ती राखाडी गाडी भर दिवसा नेकनूरमधून निघाली. वत्सलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. अमरसिंह चालवत होता, भगवानराव मागं बसले होते. तेवढा रस्ता या पोरानं सोसावा असं भगवानरावांनी ठरवलं होतं, आणि ठरवल्यावर त्यांचं त्यांनाच वाईट वाटत होतं. म्हणून त्याच्या खांद्यावरचा हात त्यांनी वाटेत एकदाही काढला नाही.

शेत आलं. कडेला हिरवं बोचकं होतं. अमरसिंहानं करकचून ब्रेक मारला, उतरला, जवळ गेला, हात लावला. मग बोटं आत खुपसून मूठभर पांढराशुभ्र कापूस बाहेर काढला आणि बघतच राहिला.

"ए! कोण रं तू?" रुक्मिणीबाई धावत आली.

"मावशी, तुमचं बोचकं मी फोडलं. गाडीनं. मी, मी..." तो हसत होता की रडत होता ते सांगणं कठीण.

"तू? आरं मुडद्या! तीन हप्ते मी त्या धुळाजीला शिव्या घालतेय! चल! चल त्याच्या म्होरं, आन् समद्यांदेखत सांग!"

तिनं त्याच्या शर्टाची बाही धरली. विजयसिंहांचा मुलगा काट्याकुट्यांतून, कापूस मुठीत धरून, त्या म्हातारीमागं मुकाट्यानं धुळाजीच्या वस्तीकडं चालत गेला. भगवानराव बांधावर विडी ओढत बसले. पलीकडून आधी आरडाओरडा आला, मग शांतता. मग एका म्हाताऱ्याचं मोठ्यानं हसणं, आणि थोड्या वेळानं चहाच्या भांड्यांचा आवाज.

पुढच्या आठवड्यात गाडीला केशरी-काळा चढला. काय रंग लागला होता! भगवानरावांनी आयुष्यात मारलेल्या सगळ्या लालाची भरपाई त्या केशरीत होती. अमरसिंह न्यायला आला तो आरसी बुकाच्या नोंदीचे कागद काखेत घेऊनच. या खेपेला त्यानं वत्सलाबाईंचा चहा मागून घेतला, दोन कप. गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. सीट अजून बसवायची होती. तिथं वाकला आणि थबकला.

"काका, हे राहिलं की. इथं निळं दिसतंय."

"राहिलं न्हाई. ठेवलंय."

"तीट ना? ठाऊक हाय मला. पण आता काढा की ते. कशाला उगीच? कापूसच तर होता!"

भगवानरावांनी फडक्यानं हात पुसले. सीट उचलली, जागेवर ठेवली आणि खट् आवाज येईपर्यंत तळव्यानं दाबली.

"कापूस होता ते आता कळलं, मालक. त्या सांजेला तुमी बाई समजूनच पळालता. ऱ्हाऊ द्या तेवढं निळं. सीटखाली हाय, कुणाला दिसत न्हाई."