हिंदुरावांचा दोन पिळांचा बूट

कसबा बावड्याच्या हिंदुरावांनी उभी हयात उसाच्या गाड्या भरल्या. दोरात दांडकं घालून त्यांनी पीळ दिला, की एका कांड्याची हलायची बिशाद नव्हती. पुढं लकव्यानं डावा हात गेला आणि त्यांच्या बुटाची नाडी बांधायला सून वाकू लागली. ते त्यांच्या जिव्हारी लागलं.

एके सकाळी त्यांनी गाठ मारून ठेवलेल्या सैल नाडीत लाकडी खुंटी घातली आणि उजव्या हातानं गाडीसारखाच पीळ दिला. पाय काळानिळा!

“आबा, ऊस न्हाय, पाय हाय त्यो!” सून ओरडली.

दुसऱ्या दिवशी ते दोन पिळांवरच थांबले आणि खुंटी नाडीखाली खोचली. बूट गच्च बसला. सवयीनं सून वाकली, तसे ते गरजले, “ऊठ की! आता पाया पडायचं आसंल तरच वाकायचं!”