स्वल्प चळी
डांबराच्या गोळ्यांचा वास आला की बंगळूरजवळच्या येलहंक्याच्या घरातली ती बॅग आठवते. नव्वदच्या सुमारास, माझ्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी, सासू-सासरे ऐन ऑक्टोबरात नॉर्वेला बोटीच्या सफरीवर निघाले होते. तिथल्या हवेचा नेम नाही, म्हणून सासूबाई छत्री, गॉगल आणि घरातले झाडून सगळे स्वेटर कोंबत होत्या. बॅग बंद होईना, तसे मी दोन स्वेटर काढले. "राहू दे गं, ह्यांना स्वल्प चळी लागते," त्या म्हणाल्या. मी पुण्याची. सासऱ्यांना चळ लागतो, हे लग्न ठरवताना कुणी बोललं नव्हतं. मी हळूच विचारलं, "औषध चालू आहे का?" "थंडीला कसलं औषध? स्वेटर घातला की जाते," म्हणत सासऱ्यांनी माकडटोपी चढवली. परवा माहेरी पंखा बंद करत मी म्हणाले, "चळी वाजतेय." तेव्हा मी सासऱ्यांकडे बघितलं होतं, वहिनीने माझ्याकडे तसंच बघितलं.